कच्च्या पपईच्या रंगाचं शटर

हरणाऱ्याच्या बाजूने आमच्या साडूंइतका ठाम उभा राहणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा नसेल. हे विधान मी जबाबदारीने करतो आहे. मी भूमापक आहे. पंचवीस वर्षं लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजत आलो, आणि मोजल्याशिवाय ‘सगळ्यांत मोठं’ किंवा ‘सगळ्यांत लांब’ म्हणायची मला सवय नाही. साडूंच्या बाबतीत ती सवय मोडावी लागते, कारण तिथे साखळी कुठे टेकवायची हेच मला आजवर समजलेलं नाही.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आष्टीत बसस्थानकापासून चालत सात मिनिटांवर त्यांचं ट्रॅक्टर आणि मोटारसायकलच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. वर्तमानपत्र ते शेवटच्या पानाच्या तळापासून वाचायला घेतात आणि मथळ्यापर्यंत क्वचितच पोचतात. लग्नात शेवटच्या पंगतीला बसतात; भात संपला असेल तर तसं आनंदाने सांगतात. ग्रामपंचायतीचा निकाल लागला, की सगळं गाव गुलाल घेऊन एकीकडे जातं आणि साडू शाल-नारळ घेऊन डिपॉझिट गेलेल्या उमेदवाराकडे जातात. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, “निवडून आलेल्याच्या दारात गर्दी लई. च्या मिळत न्हाई. हितं निवांत बसाय मिळतं, अन् मानूस खरं बोलतो.” त्या वर्षी तो उमेदवार इतकं खरं बोलला, की साडूंनीही आपल्याला मत दिलेलं नाही हे त्याने तोंडावर सांगितलं. साडूंनी ते मान्य केलं आणि दुसरा कप मागितला.

असा माणूस मोटारींच्या शर्यतीत सापडला तो दुकानातल्या टीव्हीमुळे. रिमोट बिघडून टीव्ही एकाच चॅनेलवर अडकला आणि तिथे त्या जगभर फिरणाऱ्या शर्यती लागल्या होत्या, एका माणसापुरत्या, उघड्या चाकांच्या गाड्यांच्या. सगळे पुढच्या गाडीकडे बघत असताना साडूंनी विचारलं, “त्यो शेवटचा कावून दाखवंनात?” तेव्हापासून ते शेवटचाच बघतात. पुढे रिमोट दुरुस्त झाला, साडू झाले नाहीत.

या शर्यतींचं अर्थकारण मला त्यांनीच समजावलं. अकरा संघ असतात, प्रत्येकाच्या दोन गाड्या. वर्षअखेरीला बक्षिसाची रक्कम पहिल्या दहा संघांत वाटतात आणि अकराव्याला हात हलवत परत जावं लागतं, असं साडू सांगतात. मी स्वतः पडताळलेलं नाही. श्रीमंत संघ आपलं इंजिन आपणच बनवतात. गरीब संघाला ते परवडत नाही, म्हणून तो श्रीमंत संघाकडूनच इंजिन घेतो आणि त्याच्याशीच शर्यत लावतो. मला हे पटेना. साडू म्हणाले, “अवो, सावड हाय ती. आपल्याकडं एक बैल आसला की दुसरा शेजाऱ्याचा आनून पेरनी करत्यात का न्हाई? तसंच.” चालकांचंही तेच. चांगला चालक पगार मागतो. तो देणं होत नसेल तर ज्याचा बाप पैसे भरेल त्याला गाडीत बसवतात. साडूंच्या भाषेत “ही डोनेशनची सीट.” गाडीचा पुढचा पंख एकदा कुठे आपटून मोडला, की साडू स्वतःच्या दुकानाकडे नजर फिरवत आणि म्हणत, “गेलं. आपलं आख्खं दुकान गेलं, मालासकट.”

संघावरचा जीव ते शटरवर दाखवतात. ज्या संघाच्या मागे उभं राहायचं, त्याच्या गाडीचा रंग दुकानाच्या शटरला द्यायचा. पहिला लाल होता. तो संघ दोन वर्षांत बंद पडला. मग निळा-पांढरा, मग काळा, मग पिवळा. चारही संघ एकेक करून मिटले. मेव्हणी आमच्या घरी येऊन सांगून गेल्या, “ह्यांनी हितं रंग दिला, की तिकडं कुलूप लागतं.” शेजारच्या पंक्चरच्या दुकानातले चाचा तर रस्त्यातून ओरडत, “ओ शेठ, ह्या बारीला पहिल्या नंबरवाल्याचा रंग दे की बे! त्याचं तरी वाटोळं व्हऊ दे!” चार संघांच्या थरांनी शटरच्या पट्ट्यांमधल्या खाचा भरत गेल्या आणि ते वर जाताना अडकू लागलं. एका कडेचा टवका उडाला होता तिथे मी दुकानातल्याच व्हर्नियरने जाडी मोजली. जवळजवळ एक मिलिमीटर भरली. रोज सकाळी चाचा एका बाजूने आणि साडू दुसऱ्या बाजूने जोर लावत, तेव्हा दुकान उघडे.

पाचवा संघ कच्च्या पपईच्या रंगाचा होता, मध्ये जांभळा पट्टा. तो रंग डब्यात मिळत नाही. पेंटर मोबाइलवर फोटो बघून मिसळू लागला आणि वाद झाला, की मोबाइलचा उजेड पुरा ठेवून दिसणारा रंग खरा की अर्धा ठेवून दिसणारा. साडू पुऱ्या उजेडाचे, पेंटर अर्ध्याचा. शेवटी चाचांनी मोबाइल उन्हात धरला, कुणालाच काही दिसेना, आणि त्या अवस्थेत जो झाला तो रंग ठरला. पुढे मी त्या रंगाचा एक टवका टीव्हीच्या पडद्याला लावून पाहिला. फरक असेल तर माझ्या डोळ्यांना कळला नाही.

हा संघ मात्र आपण वाचवायचा, असं साडूंच्या मनाने घेतलं. “चार जनांच्या टायमाला नुसतं बगत बसलो,” ते म्हणाले. त्यांनी संघाला पत्र लिहायचं ठरवलं आणि बारावीच्या इंग्रजीवर ते मी लिहिलं. सूचना दोन होत्या. एक, दर शर्यतीला एवढे टायर झिजवता, ते फेकू नका, नवं रबर चढवून रिमोल्ड करून घ्या. आमच्याकडे ट्रॉलीचे टायर दोनदा रिमोल्ड होतात. दुसरी, शर्यती नसतात त्या महिन्यांत गाड्या लग्नसराईत भाड्याने द्या. एकाच माणसाची जागा आहे, नवरदेवाला पुरते. नवरीचं काय, असं मी विचारलं. साडू म्हणाले, “ती जीपमदी जाती. लिवा तुमी.” मी लिहिलं. सहीखाली त्यांनी दुकानाचा शिक्का मारला आणि पत्र रजिस्टरने विलायतेला गेलं. उत्तर आलं नाही.

त्या वर्षाच्या शेवटच्या शर्यतीच्या रविवारी दोघं आमच्याकडे बीडला आले होते आणि सगळ्यांनी कपिलधारला जायचं मेव्हणींनी आधीच ठरवून टाकलं होतं. शर्यत संध्याकाळची. दहाव्या आणि अकराव्या संघाचे गुण सारखे होते, पण वर्षातला एखादा चांगला नंबर दुसऱ्याच्या नावावर असल्याने बरोबरीत राहिलं तर आपला अकरावा धरणार होते. मालकाने सांगून टाकलं होतं, की या वर्षी बक्षिसाचा वाटा मिळाला तर संघ चालेल, नाहीतर विकायचा. म्हणजे एक गुण हवा होता. आणि एक गुण शर्यतीत दहाव्या आलेल्या गाडीला मिळतो. दर्शन झालं, बायका प्रसाद घेऊन बसल्या आणि साडू मोबाइल डोक्यावर धरून रेंज शोधत निघाले. ती वाहनतळाच्या कोपऱ्यात एका दगडावर सापडली. दगडावर एकच माणूस मावत होता, म्हणून साडू वर उभे आणि मी खाली, त्यांच्या पँटचा पट्टा धरून.

“धावा हाय!” ते वरून ओरडले. “डोनेशनवाला! धावा चाललाय बगा!”

“किती फेऱ्या राहिल्या?”

“चार. साडूभाऊ, हलू नका, रेंज जाती.”

मी हललो नाही. नारळवाली बाई आमच्याकडे बघत होती. “कुनाचं आप्रेशन हाय का?” तिने विचारलं. मी नाही म्हणालो. पण नक्की काय आहे ते मला सांगता येईना, म्हणून ‘तसंच काहीतरी’ असंही म्हणालो.

चित्र थांबत होतं, पुन्हा चालत होतं. शेवटच्या फेरीला साडूंनी मोबाइल डोळ्यांजवळ ओढला. मग हळूच खाली उतरले आणि मोबाइल माझ्या हातात दिला. मागून एक गाडी आली आणि शेवटच्या वळणावर आत घुसून पुढे गेली होती. ती होती इंजिन पुरवणाऱ्या श्रीमंत संघाची. त्यांना त्या एका गुणाने काहीही फरक पडणार नव्हता. ते वरून दुसरे होते.

“ज्याचा बैल आनला, त्यानंच बांद कोरला,” साडू म्हणाले.

बांध कोरण्याच्या तक्रारी मी रोज ऐकतो. त्यावर मोजणी मागता येते, खुणा रोवून मिळतात, हे मी सवयीने सांगणार होतो. त्याऐवजी त्यांच्या पँटचा पट्टा सोडला. परत येताना जीपमध्ये मेव्हणींनी एकदाच विचारलं, “गेला का हाबी?” साडूंनी मान हलवली. मेव्हणींनी पिशवीतून प्रसादाचा पेढा काढून यजमानांच्या हातावर ठेवला.

दोन महिन्यांनी संघ विकला गेला. नव्या मालकाकडे पैसा भरपूर. त्याने नाव बदललं, माणसं बदलली, गाड्या चंदेरी केल्या. आणि त्यानंतर साडूंना पत्र आलं. ते वाचायला मी आष्टीला गेलो. लिहिणारी संघाच्या कचेरीतली बाई होती आणि तिने आधी उशिराची माफी मागितली होती. टायर रिमोल्ड करता येत नाहीत, तिने लिहिलं होतं, कारण ते संघाचे नसतातच. टायर कंपनी ते वापरायला देते आणि शर्यत झाली की मोजून परत घेते. लग्नाची सूचना मात्र ‘आम्ही कार्यशाळेच्या भिंतीवर लावली होती’, असं पुढे होतं. ‘लावली होती’ हे भूतकाळातलं क्रियापद मी मुद्दाम दोनदा तपासलं.

साडूंनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. “म्हंजे टायरबी सावडीचे,” ते म्हणाले. “इंजिन दुसऱ्याचं. डायव्हर बापाच्या पैशाचा. मंग ह्यांचं सोताचं काय होतं वो?”

चाचा दारात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “रंग.”

नव्या वर्षी दुसरा एक संघ शेवटी राहिला आहे आणि साडू त्याच्या मागे उभे आहेत. त्यात खंड नाही. त्याचा रंग केशरी, डब्यात सहज मिळणारा. पेंटर दोनदा विचारून गेला. साडूंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं. शटर अजून अडकतं आणि अजून दोघं मिळूनच उचलतात. चाचाही आता वाटोळ्याची गोष्ट काढत नाहीत. फक्त ‘या अली’ म्हणतात आणि जोर लावतात.

गेल्या महिन्यात मोजणीच्या कामाने आष्टीला गेलो होतो. दुकान बंद होतं, साडू धर्मापुरीला कुणा पडलेल्या उमेदवाराकडे गेले होते. टेप हातात होताच. कच्च्या पपईचा तो रंग जगात आणखी कुठे शिल्लक असेल तर मला माहिती नाही. आष्टीत तो दहा फूट बाय साडेआठ फूट आहे. मी मोजला आहे.