पांढरीचे टाके

फील्ड ॲम्ब्युलन्समध्ये मी नर्सिंग असिस्टंट होतो. नाव ऐकून लोकांना गाडी वाटते. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे लढणाऱ्या पलटणींच्या मागोमाग चालणारा, तंबूतला दवाखाना. एकाहत्तरची लढाई थांबली तरी आमचं युनिट पश्चिम सरहद्दीवरच राहिलं. सैन्य मागं आलं तेव्हा कुठं लांब रजा मिळाली आणि त्र्याहत्तरच्या सुरुवातीला मी मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी आलो.

गाव ओळखू येत नव्हतं. विहिरींचे तळ उघडे पडले होते. दावणी रिकाम्या होत्या. उजाडलं की बाया-बापे सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं खायला सुकडी मिळायची. पाण्याचा टँकर आला तर यायचा. आला की हंड्यांवरून मारामारी. एका म्हातारीचा हात त्या रेटारेटीत मोडला. तो मीच बांबूच्या कामट्या बांधून बसवला. तेव्हापासून गावात मी डॉक्टर झालो.

आमच्या समोरचं घर बबनचं. आम्ही एकाच दिवशी सोलापूरला भरती झालो होतो. तो इन्फन्ट्रीत गेला, मी मेडिकलमध्ये. लढाईत त्याची पलटण आमच्याच ब्रिगेडमध्ये होती. तो तिथंच गेला. घरी कळवलं होतं की गोळी लागली आणि जागच्या जागी वीरमरण आलं. घरात आता त्याची आई हौसामावशी आणि बायको कमल. मूल नव्हतं.

कमलवहिनीला त्या आठवड्यात ताप होता म्हणून ती घरी होती. भर दुपारी कोंबड्यांचा एकच कालवा झाला आणि पाठोपाठ तिचा ओरडा. मी धावलो. मुंगूस दगडी कुंपणातून निसटताना दिसलं. त्याच्या तोंडात पिसं होती. पाणी आटल्यापासून रानातली जनावरं भरदिवसा गावात शिरत होती.

कोंबडी पांढरी होती. बाकीच्या गावठी, ही एकच शहरी जातीची. बबननं शेवटच्या रजेत सोलापूरच्या बाजारातून पिशवीत घालून पिल्लं आणली होती, त्यातली एवढीच जगलेली. मुंगसानं तिला गळ्याखाली धरलं होतं. कातडी छातीपर्यंत सोलली होती. कोंबडी दाणा खाते तो आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतो. ती पिशवीच फाटली होती आणि सकाळी खाल्लेला सुकडीचा चुरा रक्तासकट बाहेर येत होता. डोळे उघडे होते.

"कापून टाका," मी म्हणालो. "हाल व्हायलेत तिचं."

"न्हाय." वहिनीनं तिला पदरात घेतलं होतं. "त्येंच्या हातचं एवढंच जित्तं राहिलंय, भावजी. तुमी मानसं शिवताव न्हवं? मग हिला शिवा की."

मी पेटी आणली. वाकडी सुई, रेशमी दोरा, सल्फा पावडर. भूल नव्हती. वहिनीला पाय आणि पंख धरायला सांगितलं. मिठाच्या पाण्यानं जखम धुतली, पिशवीत अडकलेला चुरा बोटानं काढला. आधी पिशवी शिवली, मग वरची कातडी. पहिल्या टाक्याला कोंबडी अशी किंचाळली की वहिनीनं मान फिरवली; पण हात सोडले नाहीत. नंतर कोंबडीनं आवाजच केला नाही. नुसती थरथरत होती. माणसंही अशीच गप्प होतात, ते मी पाहिलं होतं.

टोपल्यात गोणपाट घालून तिला ठेवलं. चोच उघडी होती. वहिनीनं वाटीत पाणी आणलं, कापसाचा बोळा बुडवला.

"पाणी द्यायचं नाही," मी म्हणालो.

"का?"

"टाके उसवतील. पोटाची जखम असली की माणसालासुद्धा देत नाहीत."

वहिनी वाटी धरून तशीच बसली. मग म्हणाली, "त्येंना कुटं लागलं हुतं?"

मी पेटी आवरत होतो.

"भावजी, तितं तुमी हुता ना?"

रजेवर आल्यापासून हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "होतो."

"जागच्या जागी गेले म्हंत्यात."

खोटं बोलायला वेळ होता. जमलं नाही. मी म्हणालो, "नाही, वहिनी. पोटात लागलं होतं. दुपारी आमच्याकडं आला. अंधार पडायच्या आधी गेला."

"दुपारपास्नं?"

"व्हय."

"सुद्दीवर हुते?"

"होता."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. मग मी सगळं सांगितलं.

आमच्या ए.डी.एस.वर, म्हणजे पुढच्या मलमपट्टीच्या तंबूवर, त्या दिवशी जखमींची रांग लागली होती. आमचे डॉक्टर, कॅप्टन साहेब, प्रत्येकाची पट्टी उचलून बघत आणि दोन शब्दांत निकाल देत. बबनची पट्टी उचलली. म्हणाले, "सर्जरी. फर्स्ट गाडी. नथिंग बाय माउथ." म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही. शस्त्रक्रिया मागच्या हॉस्पिटलात होणार होती. गाडी यायची होती. रस्त्यावर तोफगोळे पडत होते. वायरलेस सेटवर सिग्नलवाला पुन्हा पुन्हा विचारत होता.

"गाडी कुठं आहे? ओव्हर."

"रोड बंद. वेट. ओव्हर."

बबननं मला ओळखलं. आधी आईचं विचारलं, मग पाणी मागितलं. मी ओल्या कापसानं ओठ पुसले. तो कापूस चोखायला लागला, तेव्हा मला ओढून काढावा लागला. मी साहेबांकडं गेलो.

"सर, थोडं पाणी देऊ?"

"नो. गाडी आली तर तो वाचेल. पाणी पाजलंस तर ऑपरेशनच्या टेबलवर जाईल."

साहेबांचं बरोबर होतं. गाडी वेळेत आली असती तर अगदीच बरोबर ठरलं असतं. बबन मला म्हणाला, "शिवा, एक घोट पाज की." मग तेही बोलायचा थांबला. मी दुसऱ्या स्ट्रेचरवर काम करत होतो. वळून बघितलं तेव्हा डोळे उघडे होते आणि कापूस त्याच्या मुठीत होता. रस्ता मोकळा झाला तेव्हा त्याच्या जागी दुसऱ्याला गाडीत घातलं.

वहिनीनं ऐकून घेतलं. रडली नाही. वाटीतलं पाणी परत कळशीत ओतलं आणि कळशीवर झाकण ठेवलं.

कोंबडी मरेल असंच मला वाटत होतं. दुसऱ्या दिवशी थेंब थेंब पाणी, मग पातळ कण्या. मध्येच जखमेच्या कडेला अळ्या पडल्या. टर्पेंटाइन घालून चिमट्यानं एकेक काढली. वहिनी रोज धरायची आणि कोंबडी रोज माझ्या अंगठ्याचं मांस तोडायची. गावठी कोंबड्यांना टोपल्याजवळ येऊ देत नव्हतो. उघडी जखम दिसली की त्या टोचून टोचून मारतात. एका सकाळी टोपलं उलटं पडलेलं होतं आणि पांढरी अंगणात उभी होती. मान एका बाजूला वाकडी, छाती उघडी लालभडक. पण खाली वाकून दाणा टिपत होती. पिशवी गळत नव्हती. पुढं मी टाके काढले.

त्यानंतर दोनेक दिवसांनी हौसामावशी माझ्या दारात आली. कामावर निघाली होती. हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, खडी फोडून बोटं फुटली होती. एका हातात भरलेला तांब्या, तिचं दिवसभराचं पाणी. मागं अंगणात कोंबड्या होत्या.

"कोंबडी उठली की रं, शिवा."

"व्हय, मावशी."

"बेस झालं. मला कमळीनं समदं सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता. "माजं लेकरू पानी मागत हुतं?"

"व्हय."

"आनि तू दिलं न्हाईस."

"हुकूम होता, मावशी. गाडी आली असती तर वाचला असता."

"आली का गाडी?"

"वेळेत नाही."

"मग?"

माझी आई चुलीपुढून उठून दारात आली. आदल्या दिवशी टँकर आला नव्हता. गावात प्यायला पाणी नव्हतं. मावशीनं तांब्या तिरपा केला आणि माझ्या उंबऱ्यापुढं मातीत पाणी सोडलं. एकदम नाही, बारीक धारेनं, शेवटच्या थेंबापर्यंत. पूर्ण वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती. कोंबड्या धावत आल्या आणि त्या चिखलात चोची घालायला लागल्या. पांढरी पण आली. मावशीनं कुणाला हाकललं नाही.

"आता तू बी बग, बिनपान्याचं कसं असतंय," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन कामावर गेली. दिवसभर तिनं दुसऱ्याकडं पाणी मागितलं नाही, असं संध्याकाळी कळलं. खडीच्या ढिगाशी चक्कर येऊन पडली होती.

रजा संपल्यावर एस.टी.च्या फाट्यापर्यंत वहिनी आली. म्हणाली, "मीच सांगितलं त्यास्नी. एकटीला झेपंना, भावजी."

"बरं केलंत," मी म्हणालो. ते खरं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मावशी त्यानंतर बरीच वर्षं जगली. माझ्याशी बोलायची, माझ्या मुलांना मांडीवर घ्यायची. पण आमच्या घरचं पाणी तिनं कधी तोंडाला लावलं नाही. मी आग्रह केला नाही.

लढाईतल्या त्या दुपारी गाडीची वाट बघत तंबूत तिघं गेले. नाईक गुरबचन, मांडीची नस तुटली होती आणि तो शेवटपर्यंत स्वतःच्या हातानं पट्टी दाबून होता. रामय्या, त्याचा जबडा गेला होता, त्याला काही मागताच आलं नाही. आणि आमचा बबन. गुरबचनची आई, रामय्याची आई मला कधी भेटल्या नाहीत. त्या कुठल्या गावच्या, हेही मी कधी विचारलं नाही. त्यांनाही कुणीतरी सांगितलं असेल, जागच्या जागी गेला म्हणून.