रिकाम्या रकान्याचं 'नाही'

हिंदी मुलखातल्या पिपलानीत कारखान्याचं क्वार्टर प्रतिभाच्या नावावर होतं. ती तिथे इंजिनिअर. नवरा उदय सबनीस घरी बसून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करी. "बायको ड्यूटीवर, साहेब चुलीवर," असं कॉलनी चिडवायची आणि उदय खुशाल हसायचा. पण माणूस मुलखाचा भित्रा. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत फिरणारा.

त्याचं काम साच्यांचं. हॉस्पिटलच्या सर्व्हरकडून पेशंटची माहिती आणणारा कोड तो थेट लिहीत नसे, त्याचा साचा लिही. त्या साच्यातून एक छोटा प्रोग्रॅम लायब्ऱ्या, म्हणजे कोडचे आयते गठ्ठे, काढी आणि गावोगावची हॉस्पिटलं त्या वापरत. चकलीच्या सोऱ्यासारखंच की! चकती वाकडी, तर अख्खा घाणा वाकडा.

सर्व्हरकडून एखादा रकाना रिकामा आला की लायब्ररी अडायची, स्क्रीन गोठायची, तक्रारी यायच्या. तक्रारींना भिऊन उदयने साचा सुधारला. हो-नाहीचा रकाना रिकामा असेल, तर 'नाही' धरायचं. तक्रारी थांबल्या, वर शाबासकीही मिळाली. भित्र्या माणसाला शाबासकी जरा जास्तच गोड लागते.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या लीलाकाकूंचं पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. काकू एकट्या, म्हणून उदय सोबत गेला. नर्सने स्क्रीनवर नजर टाकली.

"दवाई की एलर्जी नहीं है. चलिए, माताजी."

"मला तर कोणी विचारलंच नाही रे उदय," काकू सहज म्हणाल्या. "सल्फाच्या गोळीने माझा घसा सुजतो. मागे मरता मरता वाचले."

 उदयने वाकून स्क्रीन पाहिली. कोपऱ्यात त्याच्याच कंपनीचं नाव होतं. पूर्वी ही स्क्रीन इथे अडली असती आणि कुरकुरत का होईना, नर्सने काकूंना विचारलं असतं. आता विचारायची गरजच उरली नव्हती. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या साच्याने देऊन टाकलं होतं.

"सिस्टर, ये 'नहीं' झूठा है," तो कसाबसा म्हणाला. "ये मेरे कोड ने अपने आप भर दिया है."

नर्सने मान वर केली. "भैया, आज सुबह नया वाला लगा, तब से सबका 'नहीं' ही आ रहा है. हम तो खुश थे कि मशीन सुधर गई."

 उदयने कंपनीतल्या विलासला फोन लावला. "नवी आवृत्ती मागे घे, आत्ताच्या आत्ता!"

"मागे कुठून कुठून घेऊ?" विलास म्हणाला. "सगळ्यांनी बसवली की ती."

ऑपरेशन थिएटरवरचा लाल दिवा जळत होता. म्हणजे आत कुणीतरी होतं. बाहेर बाकावर एक बाई मांडीवर डबा घेऊन बसली होती. उदय तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. 

"भाभी, अंदर जो हैं... उन्हें किसी दवाई से तकलीफ होती है क्या?"

बाई ताडकन उठली. "होती है. क्यों, आप लोगों को मालूम नहीं?"

उदय दोन्ही हातांनी थिएटरचं दार बडवू लागला.