दहा महिन्यांचा कौन्सिलर

इंग्लंडमधल्या वॉटफर्डजवळच्या त्या छोट्या गावात उल्हास मेश्राम यांच्या दोन ओळखी होत्या. एक, घरखरेदीचे कागद बारकाईने तपासणारे सॉलिसिटर. दुसरी, रविवारी सकाळी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, चिखलभरल्या मैदानावर घसा बसेस्तोवर ओरडून मुलींना फुटबॉल शिकवणारे कोच.

२००४ साली कौन्सिलने ते मैदान घरबांधणीसाठी विकायला काढलं. त्याच सुमारास एक म्हातारा कौन्सिलर वारला आणि उरलेल्या दहा महिन्यांसाठी पोटनिवडणूक लागली. उल्हास उभे राहिले. पत्रकावर एकच ओळ : मैदान वाचवा. एकवीस मतांनी निवडून आले.

मैदान विकण्याचा ठराव चार दिवसांवर आला असताना कौन्सिलच्या कायदा अधिकारी बाईंनी त्यांना बोलावलं.

"तुम्ही मुलींच्या फुटबॉल क्लबचे कोच. तुमची मुलगी तिथंच खेळते. हा हितसंबंध झाला. मत देता येणार नाही, बोलताही येणार नाही. त्या वेळी सभागृहाबाहेर जावं लागेल."

"आणि मी नुसता रहिवासी असतो तर?"

"तर तीन मिनिटं बोलता आलं असतं."

लोकांच्या करारातली बारीक अक्षरं वाचण्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाने स्वतः सही केलेली कौन्सिलरांची आचारसंहिता नुसती चाळली होती.

"गुपचूप आत बसा हो," पोळी लाटता लाटता धम्मशीला नवऱ्याला म्हणाली. "कोण विचारतंय?"

"दर चौदा एप्रिलला मी कायद्यावर भाषण ठोकतो. आता माझंच अडलं म्हणून नियम गुंडाळू?"

"मग भाषणंच ठोका. पोरी खेळतील कुठं?"



सभेत विषय पुकारला गेला, तसे उल्हास उभे राहिले. गॅलरीत जर्सी घालून बसलेल्या मुलींना वाटलं, सर आता बोलणार. त्यांनी टाळ्या वाजवल्या. हितसंबंध असल्याचं एका वाक्यात सांगून ते बाहेर गेले. टाळ्या थांबल्या. दाराच्या काचेतून त्यांना वर गेलेले हात दिसत होते. ठराव एका मताने मंजूर झाला.

गाडीत स्वराली, त्यांची मुलगी, खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा, तू बाहेर का गेला? सगळे माझी फ्रेंड्स विचारते."

"रविवारी सांगतो. सगळ्यांनाच."

रविवारी त्यांनी शिट्टी वाजवली नाही. मुलींना ओल्या गवतावर गोल बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, न वाचलेल्या कागदासकट.

"सर, तुम्ही आतच बसला असता तर?" गोलकीपरने विचारलं.

"तर बरोबरी झाली असती. मैदान कदाचित राहिलं असतं."

स्वराली उठली आणि बॉल आणायला गेली.