गुडघ्यावरची हातोडी

"मॅडम, साखर आता हातात उतरली," नामदेव आबा माझ्या दवाखान्यातल्या खुर्चीत टेकत म्हणाले. आबा मळवलीत एका बंगल्याची राखण करतात, शिवाय घरचं भात असतं. डायबेटिस जुना. दोन्ही हातांना मुंग्या येत होत्या, त्यासाठी त्यांना गोळी वाढवून हवी होती.

छाती तपासून झाली. आबांच्या शर्टाची बटणं त्यांच्या बायकोनं, पारूमावशींनी लावली.

"तुम्ही का लावताय?"

"त्यांना जमत न्हाई. म्हयना झाला."

मला हे चमत्कारिक वाटलं. साखरेनं नसा खराब होतात, त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. ती बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होते आणि सावकाश वर चढते. इथं हात आधी गेले होते आणि शुगर तर आटोक्यात होती.

"पाय कसे आहेत?"

"पाय बरं हायती. बांधावरनं चालताना तोल जातो, येवढंच."

येवढंच! मी हातोडी काढली. गुडघ्याखाली हलकं ठोकलं की पाय जरासा हलतो. न्यूरोपॅथीत हे हलणं मंदावतं. आबांचा पाय असा उडाला की मलाच लाथ बसली. मावशी खुदकन हसल्या. मी दुसरा पाय ठोकला. तोही उडाला.

म्हणजे बिघाड आणखी वर होता, बहुतेक मानेत. तिथं मज्जारज्जू दाबला गेला की असं होतं.

"उद्याच पुण्याला न्यूरोलॉजिस्टकडे जायचं. मानेचा एमआरआय लागेल."

"भात कापून पडलंय, मॅडम. भारे खळ्यावर आले की जातो."

"भारे डोक्यावरून आणता?"

"मग कशावरनं?"

"आता एकही उचलायचा नाही. दाब वाढला तर पाय जातील आणि परत येतीलच असं नाही." मला खरंच भीती वाटत होती.

मावशींनी पिशवी उचलली. "भात भावकी आणंल. तुमी चिठ्ठी लिवा."

एमआरआयमध्ये मानेतला दाब स्पष्ट दिसला. ऑपरेशन झालं. बोटं अजून थोडी जड आहेत, पण आबा सरळ चालतात. टाके काढल्यावर दवाखान्यात आले ते खुशीतच.

"म्हंजे साखर न्हवतीच! गोळ्या बंद करू?"

"साखर आहेच, आबा."

त्यांचा चेहरा पडला.

न्यूरोपॅथीचे बरेचसे पेशंट मी इथंच सांभाळते. पण त्रास हातांपासून सुरू झाला, एकाच बाजूला असला, झपाट्यानं वाढला, ताकद किंवा तोल गेला, तर तज्ज्ञाकडे पाठवते. डायबेटिस असलेल्या माणसाला दुसरा आजार व्हायची बंदी नसते.