हळदीच्या बोटाने लिहिलेली जोडी
ओल्या हळदीचा वास आला की मला ताईच्या लग्नाचा वैशाख आठवतो. ती चौथीपर्यंतच शिकली, पण मला पाढे शिकवले ते तिनेच. हळद लागलेल्या नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून ती आतल्या खोलीत बसून होती, आणि पिवळ्या बोटाने तिने मातीच्या भिंतीवर लिहिले, १३ चा वर्ग १६९, ३१ चा वर्ग ९६१. "देख भाऊ, आकडा उलटा, तं वर्ग बी उलटा!" मावशी म्हणाली, "सासरी आकडा रांधशी का वं?" सगळ्या बाया हसल्या. ताईला मात्र सासरी जाण्याआधी अशी आणखी एक जोडी हवी होती. मी अंगणात काडीने मातीत गणिते मांडली आणि मोठ्या ऐटीत १२ आणि २१ घेऊन आलो. ती हसली. "त्यासले तं तीननी भाग जास. तेरा नि एकतीसना मायक कशानीच भाग जावाले नको." म्हणजे तेरा-एकतीससारखी, कशानेच भाग न जाणारी जोडी तिला हवी होती. दुसऱ्या दिवशी बैलगाडी तापीच्या उताराकडे वळली, तेव्हा डोळे पुसत ती ओरडली, "शोधत ऱ्हाय रे!" तिच्या पाढ्यांवर मी घरातला पहिला पदवीधर झालो. कॉलेजात एका दुपारी कशानेच भाग न जाणारी तशी जोडी सापडली, ११३ चा वर्ग १२७६९ आणि ३११ चा ९६७२१, पण तोवर ताई बाळंतपणात गेली होती. आज नातीला हळद लागली. मी वाटीत बोट बुडवून भिंतीवर ११३ आणि त्याचा वर्ग लिहिला, आणि शेजारी ३११ ची जागा नातीने शोधून भरावी म्हणून मोकळी ठेवली.