थंडीताईची पदवी

आमच्या औषधांच्या गोदामात तिला सगळे थंडीताई म्हणत. शीतगृह तिच्याकडे होतं म्हणून. बाहेर अंगाची काहिली होत असली तरी ती जाड कापसाचं जॅकेट घालून फिरायची. हमाल म्हणायचे, "ताई, थोडी थंडी आमच्यासाठी पण आणा की खिशातून." ती म्हणायची, "आणते, पण परत मोजून द्यायची." मी तिथे आवक कारकून होतो. मी निवृत्त होईपर्यंतची नोंद माझ्या हातची आहे, त्यात तिच्या खोलीतून एकही खोकं खराब गेल्याचं नाही.

मला लिहायची सवय नाही. पावत्या सोडल्या तर आयुष्यात फार काही लिहिलेलं नाही, आणि हेही धड जमेल असं वाटत नाही. पण तिच्या बाबतीत जे झालं त्यात माझा हात आहे, आणि ते कुठेतरी माझ्याच अक्षरात असावं असं वाटतं.

आधी गोदामाची एक रीत सांगतो. साधा माल आला, गोळ्या, मलमं, बँडेज वगैरे, की आम्ही गाडीच्या मागच्या दाराचं सील बघायचो. सील शाबूत, नंबर कागदाशी जुळतोय, की गाडी खाली. थंड मालाचं तसं नव्हतं. लसी आणि इन्सुलिनच्या प्रत्येक खोक्यावर तापमानाची एक पट्टी असायची. वाटेत उष्णता लागली की ती लाल व्हायची, आणि एकदा लाल झाली की पुन्हा पांढरी होत नसे. थंडीताई एकेक पट्टी स्वतः बघायची. खोकी चाळीस असोत की चारशे. ड्रायव्हर वैतागायचे.

"ताई, सील फोडलेलं नाही, मग कशाला घोळ घालताय?"

"सील गाडीचं असतं," ती म्हणायची. "औषध खोक्यात असतं."

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी मालकांनी तिला बोलावून सांगितलं, की आपले व्यवस्थापक तीन वर्षांनी जाणार, ती खुर्ची तुझी. पण मी कंपनी विकायच्या विचारात आहे. नवे लोक कागद बघतील. तेवढी व्यवस्थापनाची पदवी करून ठेव. थंडीताई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होती. साधी पदवी लग्नाआधीच झालेली. नोकरी, घर, नववीतली मुलगी, नवरा बसचालक, त्याच्या पाळ्या बदलत्या. म्हणजे शिकायचं तर ऑनलाइनच.

मी दोन गल्ल्या सोडून राहतो. एका संध्याकाळी ती दोन माहितीपत्रकं घेऊन आली.

"काका, जन्मभर शिक्के तपासलेत तुम्ही. बघा बरं."

एक होती व्यवस्थापनाचीच शाळा. तीन वर्षं, आठवड्याला दोन वर्ग, परीक्षा कॅमेऱ्यासमोर. दुसरं मोठं विद्यापीठ. दोन वर्षं, वर्गाची सक्ती नाही, जमेल तेव्हा पाठ बघा. त्याच्या पहिल्याच पानावर मान्यतेचा मोठा गोल शिक्का.

"मान्यता आहे की," मी म्हणालो.

"ती विद्यापीठाची झाली. ह्या पहिल्या शाळेनं वेगळंच लिहिलंय, व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाची स्वतंत्र मान्यता म्हणून. नुसती व्यवस्थापनाचीच शिक्षणं तपासणारी संस्था असते म्हणे. शिकवणारे कोण, पेपर कोण तपासतं, शिकून गेलेल्यांचं पुढे काय झालं, सगळं बघते." तिने दुसरं पत्रक माझ्या पुढ्यात सरकवलं. "ह्यांच्याकडे ती आहे का, तेवढं फोन करून विचाराल? मला कामावर फोन कानाला लावून बसता येत नाही."

मला अनोळखी माणसाशी फोनवर बोलणं जड जातं. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण मी प्रश्न कागदावर लिहून घेतला होता. दोनदा नंबर लावून फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा एक मुलगी बोलली. झपाट्याने बोलत होती.

"सर, आमचं विद्यापीठ पूर्ण मान्यताप्राप्त आहे!"

"हो, पण त्या अभ्यासक्रमाची वेगळी अशी काही..."

"सर, विद्यापीठच मान्यताप्राप्त म्हटल्यावर कोर्स वेगळा असेल का?" आणि ती हसली. वाईट नाही हसली, पण मला ओशाळल्यासारखं झालं. हो हो, बरोबर आहे, असं म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी थंडीताईने दारातूनच विचारलं, "केला फोन?"

"केला."

"आहे का वेगळी मान्यता?"

"आहे."

तिने दुसऱ्याच दिवशी नाव घातलं.

दोन वर्षं ती जेवणाच्या सुट्टीत शीतगृहाच्या बाहेरच्या छोट्या खोलीत, उलट्या क्रेटवर बसून शिकली. एका हातात डबा, मांडीवर वही. नवरा सगळ्यांना सांगायचा, "आमच्या घरी आता मॅनेजर. मला हॉर्न वाजवायचा तरी अर्ज करावा लागतो." पण तिचा डबा तोच भरायचा.

तिच्या हाताखाली एक तिशीतला माणूस होता, त्याला चष्मेवाला म्हणायचे. पट्ट्या वाचायला तिनेच शिकवलेलं. त्याने त्याच सुमारास त्या पहिल्या, तीन वर्षांच्या शाळेत नाव घातलं होतं, आणि तो कायम रडत असायचा. एका विषयात नापास झाला. लिहिलेलं तीन-तीनदा परत यायचं.

"ताई, आमच्या बाई विचारतात, हा आकडा कुठून आणला ते दाखवा. आता कुठून दाखवू?"

"कुठून आणलास?"

"अंदाजाने."

"मग मार खा," ती म्हणायची. "माझं बघ, सगळं पहिल्या फटक्यात पास."

शेवटी तिने ऐंशी पानांचा प्रकल्प लिहिला. थंड औषधं वाटेत खराब होतात ती कशी वाचवायची, यावर. मी वाचला होता. मला काय कळतं, पण त्यात वीस वर्षांचं शहाणपण होतं. पानं लावून स्कॅन करायचं काम मी घेतलं होतं. ब्याण्णव मार्क पडले, खाली शेरा, 'सखोल विश्लेषण'. पेढ्यासारखा तो शेरा तिने सगळ्यांना वाटला. महिन्याभराने मूळ पानं चाळताना तिला मधेच एक आवक पावती सापडली. जेवताना लिहायची, तेव्हा चुकून आत गेलेली. मी तीही तशीच स्कॅन करून पाठवली होती. एक्केचाळिसावं पान म्हणजे इन्सुलिनची साठ खोकी आणि हमालाची सही.

ती हसत सुटली. "काका, पावतीचंपण सखोल विश्लेषण केलं हो त्यांनी!"

मग हसू थांबलं. तिने पानं पुढे-मागे केली. "म्हणजे वाचलं नाही कुणी."

"हजारो मुलं असतात," मी म्हणालो. "एखादं पान सुटतं नजरेतून."

तिने पावती घडी करून पर्समध्ये ठेवली. खोक्याची पट्टी कोपऱ्यात जरा गुलाबी दिसली तरी ती खोकं बाजूला काढायची. तिच्या पदवीचं खोकं मात्र आम्ही दोघांनी तसंच आत घेतलं.

वर्षाने कंपनी विकली गेली आणि व्यवस्थापक निवृत्त झाले. मुख्य कार्यालयातून एक अधिकारी आला. थंडीताई नवीन साडी नेसून, जॅकेट न घालता, काचेच्या केबिनमध्ये गेली. गोदामातल्या लोकांनी तिला जॅकेटशिवाय पहिल्यांदा बघितलं असेल. आत काय झालं ते तिने मला नंतर सांगितलं. अधिकारी सभ्य होता.

"बाई, विद्यापीठ चांगलं आहे तुमचं. पण ह्या पदाला अभ्यासक्रमाची स्वतंत्र मान्यता लागते. आमच्याकडे यादी आहे. तुमचा कोर्स त्यात नाही."

"बघा ना नीट. फोन करून विचारलं होतं आम्ही."

"दोनदा बघितलं."

"साहेब, तेवीस वर्षं झाली मला इथे."

"अनुभवाचा रकाना पूर्ण भरलाय तुमचा, बाई. पण पहिल्या रकान्यात नाही आलं की संगणक पुढचा उघडतच नाही. तुम्ही दुसरा कोर्स करू शकता."

"तीन वर्षं लागतील. मी सत्तेचाळीसची आहे."

"हो, आणि ह्या पदाला वय पन्नासच्या आत असायची अट आहे," तो म्हणाला, आणि त्याने तिचे कागद नीट एकावर एक लावून परत दिले. त्या नीट लावण्याचाच तिला सगळ्यात राग आला, असं ती म्हणाली.

यादीत कोर्स होता तो चष्मेवाल्याचा. तो तिच्याकडे येऊन उभा राहिला.

"ताई, मी नको म्हणून सांगतो."

"सांग की. मग बाहेरचा कुणी आणतील, आणि तो नुसतं सील बघून लसी उतरवून घेईल. जा, सही कर." मग म्हणाली, "तुझ्या त्या बाईंनी तुला फुकट नाही छळलं."

मला झोप लागेना. खरं सांगायचं तर तिचं वाईट वाटत होतं त्याहून जास्त ती मला काहीच विचारत नव्हती याची धास्ती होती. तीन आठवड्यांनी मी गोदामात गेलो. ती शीतगृहात होती. बाहेरच्या खुंटीवरचं जास्तीचं जॅकेट घालून मी आत गेलो. ती खोकी बघत होती. मी तिच्या पाठीला सगळं सांगितलं. फोन, ती मुलगी, तिचं हसणं, मी पुन्हा न विचारणं, आणि 'आहे' म्हणणं.

ती खोकी बघायची थांबली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. तुम्ही खोटं बोलताना चष्मा पुसता, काका. अख्ख्या गोदामाला ठाऊक आहे."

"मग तू पुन्हा का नाही विचारलंस?"

"दोन वर्षांचाच कोर्स हवा होता मला. त्या दुसऱ्याची भीती वाटत होती. कॅमेरा, परीक्षा, नापास झाले तर पोरीसमोर काय तोंड दाखवू. तुम्ही 'आहे' म्हणालात, मला तेवढंच ऐकायचं होतं."

लाज वाटते सांगायला, पण मला क्षणभर हलकं वाटलं. तिला ते दिसलं असावं. ती वळली.

"म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. मी घाबरले, ते माझं मी भोगते आहे. तुम्हाला मी एक प्रश्न विचारायला सांगितला होता. एकच."

तिने एक खोकं ओढून बाजूला काढलं. पट्टी लाल होती.

"जाताना जॅकेट खुंटीला लावा," ती म्हणाली. "चष्मेसाहेबांना लागतं ते आता."

ती अजून तिथेच आहे. रस्त्यात भेटली की थांबते, गुडघे कसे आहेत विचारते. तिची मुलगी बारावी झाली. परवा मी त्यांच्या घरावरून जात होतो, दार उघडं होतं. टेबलावर कॉलेजांची माहितीपत्रकं पसरलेली होती. चष्मेवाला एकेक हातात घेऊन बघत होता, आणि मुलगी फोनवर कुणाला तरी तिसऱ्यांदा तेच विचारत होती, "कॉलेजचं नाही हो, कोर्सचं सांगा."

थंडीताईने मला बघितलं. "या काका, चहा घ्या," म्हणाली. मी आत गेलो, चहा घेतला. पत्रकं माझ्या हाताशीच होती. एकही मला कुणी दाखवलं नाही.