सवतीची रेघ

सवत जिवंत असली तर तिच्याशी भांडता तरी येतं. मेलेल्या सवतीशी कसं भांडायचं हे कुणी शिकवत नाही, आणि हिला तर भांडणाची हौस दांडगी. लग्न होऊन या घरात आली तेव्हा चाळिशी जवळ आलेली. तोवरचं आयुष्य स्टिकरच्या दुकानात गेलं होतं. गाड्यांच्या काचांवरची नावं, दुकानांच्या दारांवरच्या वेळा, सगळं हिनं कापलेलं. आधी हातात कटर धरून, नंतर मशीनवर. जीभही तशीच धारदार. पण गल्लीला तिचं कौतुक नव्हतं. गल्लीत ती होती 'बॅगवाल्याची दुसरी'. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण मागून इतक्या मोठ्यानं म्हणत की त्यापेक्षा तोंडावर म्हटलेलं परवडलं असतं.

नवरा चामड्याच्या बॅगा शिवायचा. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. शिलाईचं मशीन, चामड्याच्या गुंडाळ्या, गोंदाचा डोकं धरणारा वास आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले पुठ्ठ्याचे फर्मे. फर्मा चामड्यावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कापत जायचं, की बॅगेचा तो भाग तयार. हे सगळे फर्मे पहिलीनं कापलेले. पहिलीच्या हातापायांतली ताकद हळूहळू गेली आणि मग ती गेली. फर्मे मात्र भिंतीवर राहिले, आणि नवरा येता-जाता त्यांच्याकडे बघत राहिला. हिच्याकडे बघायचं त्या गडबडीत राहून जाई.

सासूबाई तर विचारूच नका. भाजी चांगली झाली तर पहिलीची आठवण, बिघडली तर जास्तच आठवण. "तिच्या हातची रेघ बघ," भिंतीकडे बोट दाखवून त्या म्हणत, "अशी रेघ आता कुणाला जमायची नाही." मेल्या म्हशीला मणभर दूध, असं हिच्या अगदी ओठांवर येई. ती ते गिळून टाकी, आणि गिळलेलं दिवसभर पोटात दुखे.

पुठ्ठा तो पुठ्ठाच. कडा झिजायला लागल्या, तशी नवऱ्याला काळजी लागली. फर्मे कायमचे टिकावेत म्हणून त्यानं धंदा बंद करणाऱ्या एका सुताराकडून सीएनसी राउटर घेतला, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या रेघेवरून आपोआप कापणारं मशीन. पण लाकूड कोरणारं ते गरागरा फिरणारं पातं चामड्याच्या चिंध्या करायचं. तेव्हा हिनंच सांगितलं की याला ड्रॅग नाइफ नावाची सुरी बसते.

ही सुरी फिरत नाही. राउटरच्या तोंडात बसवायची, मोटर बंद ठेवायची, आणि मशीन तिला नुसतं ओढत नेतं. ऑफिसातल्या खुर्चीखालचं चाक जसं ढकलू तिकडे आपसूक वळतं, तसं पातं वळतं आणि टोक मागून फरफटत येतं. टोकदार कोपरा आला की तेवढी ती जराशी उचलून जागच्या जागी वळवावी लागते, नाहीतर कोपरा गोल होतो. पहिल्याच दिवशी नवऱ्यानं सवयीनं मोटर चालू केली आणि सुरीचं टोक शहीद झालं. त्यानंतर मशीन हिच्याकडे आलं.

"माझ्यासारखीच आहे ही," नवं पातं बसवताना ती म्हणाली. "मागून आलेली, आणि दुसऱ्याच्या रेघेवरून ओढत नेलेली."

नवरा हसला नाही. "फर्मे जसे आहेत तसेच घे," एवढंच म्हणाला. "रेघेला हात लावू नकोस."

झालं. एकेका फर्म्याचा फोटो काढायचा, तो कॉम्प्युटरवर घ्यायचा आणि कडेवर ठिपके देत देत सवतीची रेघ गिरवायची. शत्रूवरही अशी वेळ येऊ नये. ती ठिपके देई आणि मनात शिव्या देई. रेघ मात्र खरोखर सुरेख होती, आणि हे दिसत असल्यामुळेच ती जळत होती. काही वाईट सापडावं म्हणून ती फर्मा मोठा करकरून बघे, आणि काही सापडत नसे.

शेवटी सापडलं. सगळ्यात खपणाऱ्या, खांद्यावरच्या बॅगेच्या झाकणाचा फर्मा पहिलीनं सगळ्यात शेवटी कापला होता. त्याच्या कडेला जागोजागी तांदळाएवढे फुगवटे होते. जुन्या फर्म्यांवर त्यांचा पत्ता नव्हता. आयुष्यभर हातानं कापलेल्या बाईला ते काय आहे ते लगेच कळलं. हात मध्येच थांबला, की पुन्हा सुरू करताना रेघ फुगते. चार बोटं कापायचं आणि थांबायचं, असा तो फर्मा कापलेला होता. हात चालेनासा झाला होता पहिलीचा. आणि सासूबाई त्याच फुगवट्यांना 'तिच्या हाताची नजाकत' म्हणत होत्या.

हिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आजारी बाईच्या थकलेल्या हातावर खूश व्हावं, हे बरं नव्हे, तिलाही ते कळत होतं. पण मत्सराला कुठे बरं-वाईट कळतं? तिनं एकेक फुगवटा पुसला. रेघ ताणून, वळण मनासारखं करून घेतलं, चामडं मशीनवर लावलं आणि सुरी सोडली. आवाज न करता सुरी फिरून आली. झाकण असं उतरलं की तिची तिलाच दृष्ट लागावी.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. झाकण उचलून त्यांनी उजेडात धरलं. डोळे भरून आले त्यांचे.

"बघ," त्या म्हणाल्या, "तिची रेघ मशीनवरसुद्धा लपत नाही."

हिच्या अंगाचा तिळपापड झाला. काम हिनं करावं, दुरुस्ती हिनं करावी, आणि कौतुक पुन्हा तिचंच. जिवंत होती तेव्हा काय कमी मिळालं होतं? चहा तसाच ठेवून ती उभी राहिली. सासूबाई डोळे पुसत वर गेल्या, आणि दुकानातून आत आलेल्या नवऱ्यानं झाकण हातात घेतलं. कडेवरून अंगठा फिरवत नेला. जिथं थांबायचा तिथं अंगठा थांबला नाही.

"फुगवटे कुठे गेले?"

"काढले."

"मी सांगितलं होतं."

"अहो, ती कला नव्हती," ती म्हणाली. मनात साठलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "तिचा हात चालत नव्हता. थांबत थांबत कापलाय तो फर्मा. तुम्ही मायलेक ज्याची आरती ओवाळताय ना, ती चूक आहे तिची, चूक."

तो चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला असता तर तिला बरंच वाटलं असतं. तो स्टुलावर बसला.

"ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "कटर तिच्या हातात असायचा आणि तिच्या हातावर माझा हात. एकटीला कापवत नव्हतं. ती दमली की आम्ही थांबायचो. कुणाला कळू द्यायचं नाही म्हणाली होती, म्हणून आईलाही ठाऊक नाही."

इतके दिवस ती एका हातावर जळत होती, आता दोन हात झाले. एकावर एक ठेवलेले. हिनं पुसले ते फुगवटे म्हणजे त्या दोघांनी मिळून घेतलेला दम होता. आता जो मत्सर पेटला, त्याच्यापुढे आजवरचं सगळं पोरखेळ वाटायला लागलं. कामात आपण इतक्या पक्क्या, की आपल्या हातावर हात ठेवायची वेळ कुणावर आलीच नाही, हे तिला पहिल्यांदाच लागलं, आणि जोरात लागलं.

"परत घालते फुगवटे," ती खालमानेनं म्हणाली. "फोटो आहे अजून."

त्यानं झाकण मांडीवर ठेवलं. "नको," म्हणाला. "मला ते बघवत नव्हतं आणि माझ्या हातून पुसवतही नव्हतं. राहू दे आता तुझीच रेघ."

जे ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, ते हेच. तिनं पुढचं चामडं मशीनवर पसरलं, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, नखानं दाबून पुन्हा लावली. मोटर बंद असल्याची खात्री केली. सुरी खाली उतरली आणि चालू लागली.

"अहो," मान वर न करता ती म्हणाली. "इकडे या जरा. चामडं सरकतंय. धरा."

तो उठून आला. त्यानं चिकटपट्टीकडे पाहिलं. पट्टी चारी बाजूंनी घट्ट होती. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि चामड्यावर तिच्या हाताशेजारी हात ठेवला.